धोक्याच्या पाट्या आणि लोकांचा नकाशा

जानेवारी २०२१ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, कोतूळजवळ, रात्रीच्या वेळी एक मोटार पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली आणि चालकाचा बुडून मृत्यू झाला. मोबाइलवरील नकाशाच्या लेखी तो रस्ता चालू होता. प्रत्यक्षात पूल पाण्यात होता, आणि तो बंद असल्याचा फलक तेथे नव्हता, असे त्या वेळच्या वृत्तांत म्हटले होते. पुढे २४ नोव्हेंबर २०२४ रोजी उत्तर प्रदेशात, बरेली व बदाऊँ या जिल्ह्यांदरम्यान, रामगंगेवरील तुटलेल्या पुलावरून एक मोटार नदीपात्रात कोसळली आणि तिघांचा अंत झाला. तेथेही नकाशाने पूल दाखविला होता आणि जमिनीवर वाहन अडविणारे काही नव्हते.

अशा घटनांनंतर वाद होतो तो एवढाच, की दोष नकाशा पुरविणाऱ्या कंपनीचा की डोळे झाकून तिच्यामागे जाणाऱ्या चालकाचा. या वादात मूळ प्रश्न बाजूला राहतो. पुढे धोका आहे ही माहिती त्या परिसरातील शेकडो लोकांना असते. कोतूळच्या पुलावर पाणी येते हे तेथील शेतकऱ्याला, दूधवाल्याला आणि एसटीच्या चालकाला वेगळे सांगावे लागत नाही. मग ज्याला ती माहिती हवी त्या परक्या प्रवाशापर्यंत ती का पोहोचत नाही? ती कोणी नोंदवावी, आणि नोंदविल्यावर ती कोणाच्या मालकीची असावी? रस्त्याकडेच्या इशाऱ्याच्या पाट्या लोकांनी स्वतः तयार केलेल्या संगणकीय नकाशावर नोंदविण्याचा जो उपक्रम जगभर चालू आहे, त्याचा विचार या प्रश्नाच्या अनुषंगाने झाला पाहिजे. वरवर पाहता हा छंदिष्टांचा उद्योग वाटेल. वस्तुतः तो सार्वजनिक अर्थव्यवहाराचा प्रश्न आहे.

दंडाविना चालणारा फलक

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने रस्त्यावरील चिन्हांचे तीन वर्ग मानले आहेत: बंधनकारक, सावधगिरीची आणि माहितीदर्शक. ढोबळमानाने पहिली वर्तुळात, दुसरी लाल काठाच्या त्रिकोणात आणि तिसरी चौकोनात असतात. इंडियन रोड्स काँग्रेस ही १९३४ मध्ये स्थापन झालेली संस्था त्यांचे आकार, रंग व जागा ठरवून देते. या वर्गवारीत एक महत्त्वाचा भेद दडलेला आहे. कायद्याच्या कलम ११९ अन्वये चालकावर सक्ती आहे ती बंधनकारक चिन्हांचे पालन करण्याची. 'प्रवेश बंद' असताना आत शिरणाऱ्यास दंड होतो. 'पुढे तीव्र वळण' ही पाटी पाहूनही वेग कमी न करणाऱ्यास केवळ त्या कारणासाठी दंड होत नाही. म्हणजे बंधनकारक फलकाच्या पाठीशी पोलीस उभा असतो, इशाऱ्याच्या फलकाच्या पाठीशी कोणीही नसते. त्याची सारी शक्ती त्याने दिलेल्या माहितीत असते. तो दिसला नाही, वाचता आला नाही किंवा चुकीच्या जागी उभा असला, तर त्याचे मूल्य शून्य होते.

आपल्याकडील या फलकांची अवस्था कोणाही प्रवाशास ठाऊक आहे. पावसाळ्यानंतर वाढलेल्या फांद्यांनी ते झाकले जातात. लोखंडाच्या मोहाने काही रातोरात नाहीसे होतात. वाहनाची धडक बसून वाकलेले वर्षानुवर्षे आकाशाकडे पाहत राहतात. गावात शिरताना तर 'पुढे शाळा आहे' या पाटीवर एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा झळकत असतात. कायद्याच्या कलम ११६ ने चिन्हांची नासधूस करण्यास मनाई केली आहे आणि त्यांना झाकणाऱ्या जाहिराती हटविण्याचा अधिकार पोलिसांस दिला आहे. परंतु शुभेच्छांच्या फलकाला हात लावण्याचे धैर्य कोणाजवळ असणार? गतिरोधकांची कथा निराळी नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेनुसार गतिरोधकाचा उंचवटा सुमारे ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच असावा आणि त्याच्या ४० मीटर अलीकडे सूचनेची पाटी असावी. प्रत्यक्षात एखादा अपघात झाला की संतप्त ग्रामस्थांच्या समाधानासाठी एका रात्रीत हातभर रुंदीचा बांध घातला जातो, आणि पाटीचे नावही कोणी काढीत नाही. एका अपघातावरचा उपाय असा दुसऱ्या अपघाताचे कारण होतो.

ही उपेक्षा किती महाग पडते हे आकडे सांगतात. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्यू पावली. एकट्या महाराष्ट्रातील मृतांची संख्या पंधरा हजारांहून अधिक होती. या मृत्यूंपैकी सुमारे ३९ टक्के राष्ट्रीय व राज्य महामार्ग सोडून अन्य रस्त्यांवर, म्हणजे जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते व शहरांतील रस्ते यांवर झाले. महामार्गावर निदान ठेकेदाराशी केलेला देखभालीचा करार असतो आणि पथकर भरणारा प्रवासी तक्रार तरी करतो. फरशी पुलावरून जाणाऱ्या जिल्हा परिषदेच्या रस्त्याचा वाली कोण? मोठ्या कंपन्यांचे नकाशेही जेथे गिऱ्हाईक दाट तेथेच अधिक अचूक असतात. बाजारपेठेचा तो स्वभावच आहे. त्याबद्दल रागावण्यात अर्थ नाही. मात्र तो लक्षात घेऊन धोरण आखण्यात अर्थ आहे.

दीपगृहाचा दृष्टांत

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सार्वजनिक वस्तूचे उदाहरण म्हणून दीपगृह सांगितले जाते. जॉन स्टुअर्ट मिलपासून ही परंपरा चालत आली आहे. दीपगृहाचा प्रकाश एका जहाजाने घेतला म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही, आणि ज्याने पैसे दिले नाहीत त्याला तो दिसू नये अशी व्यवस्था करता येत नाही. साहजिकच खाजगी व्यापारी अशी वस्तू पुरेशा प्रमाणात निर्माण करणार नाही, म्हणून ती शासनाने पुरवावी, असा निष्कर्ष निघतो. १९७४ मध्ये रोनाल्ड कोस यांनी इतिहास उकरून दाखविले, की इंग्लंडमधील अनेक दीपगृहे खाजगी व्यक्तींनी बांधली होती आणि बंदरात गोळा होणाऱ्या शुल्कावर ती चालत होती. वाद तेथे मिटला नाही. पण सार्वजनिक वस्तू म्हणजे केवळ सरकारी वस्तू हे समीकरण मात्र ढिले झाले. पुढे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सरकार आणि बाजार या दोहोंपलीकडचा तिसरा मार्ग अभ्यासला. पाणी, चराऊ राने, मासेमारी यांसारखी सामाईक साधने स्थानिक लोक स्वतःच नियम करून, परस्परांवर देखरेख ठेवून, दीर्घकाळ सांभाळू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. त्याबद्दल २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

घाटातील इशाऱ्याची पाटी म्हणजे जमिनीवरचे दीपगृहच होय. ती कोठे आहे व काय सांगते याची खुली नोंद ही त्याहूनही शुद्ध सार्वजनिक वस्तू आहे. कारण पाटीला निदान खांब, पत्रा व रंग लागतो, नोंदीची दुसरी प्रत काढण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. मात्र पहिली नोंद करण्यास श्रम पडतात, आणि ती ताजी ठेवण्यास त्याहून अधिक पडतात. कोणी तरी त्या जागी जावे लागते. हे श्रम कोण व कशासाठी करील, हाच खरा प्रश्न आहे.

ओपनस्ट्रीटमॅप हा त्या प्रश्नाला मिळालेला एक व्यावहारिक जबाब आहे. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी हा प्रकल्प सुरू केला. शासकीय नकाशांची माहिती जनतेच्या पैशाने गोळा होते, पण वापरताना जनतेलाच परवाना व शुल्क यांच्या अडचणी येतात, ही त्यामागची खंत होती. कोणीही नागरिक त्यात नाव नोंदवून रस्ता, विहीर, शाळा, पूल यांची भर घालू शकतो, दुसऱ्याची चूक दुरुस्त करू शकतो, आणि प्रत्येक बदल कोणी व केव्हा केला याचा इतिहास राहतो. २०१० मध्ये हैतीच्या भूकंपानंतर पोर्ट-ओ-प्रिन्स शहराचा तपशीलवार नकाशा जगभरच्या स्वयंसेवकांनी काही दिवसांत उभा केला आणि मदतपथकांनी तो वापरला, तेव्हा या पद्धतीचे सामर्थ्य सर्वांना उमगले. आपल्याकडे नकाशा हा विषय दीर्घकाळ संरक्षण खात्याच्या संशयाच्या छायेत होता. १७६७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाची ती परंपराच होती. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी बहुतेक पूर्वपरवानग्या काढून टाकल्या, आणि नागरिकांनी नकाशे करण्याचा मार्ग बराचसा मोकळा झाला.

पाटी नोंदवावी की धोका?

या नकाशावर इशाऱ्याचे फलक नोंदविताना एक तात्त्विक वाटणारा, पण पूर्णतः व्यावहारिक असा वाद उपस्थित होतो. एक पक्ष म्हणतो, की पाटी हा रस्त्याकडेला उभा असलेला एक बिंदू आहे. तो आहे तेथे दाखवा, तिचे तोंड कोणत्या दिशेस आहे ते लिहा, तीवरील मजकूर नमूद करा आणि थांबा. दुसरा पक्ष म्हणतो, की प्रवाशाला पाटीशी कर्तव्य नाही, धोक्याशी आहे. म्हणून रस्त्याच्या ज्या तुकड्यावर वळणे, दरडी किंवा गुरांची ये-जा आहे, त्या तुकड्यालाच तो गुण जोडावा. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. नुसता बिंदू नोंदविला, तर तो जाणाऱ्यासाठी आहे की येणाऱ्यासाठी, आणि धोका किती अंतरापर्यंत आहे, हे वाहनातील यंत्राला कळत नाही. उलट केवळ धोकाच नोंदविला, तर तो कोणाच्या सांगण्यावरून नोंदविला याचा पुरावा राहत नाही.

या नकाशाचा एक मूलभूत दंडक असा, की जे दुसरा माणूस त्या जागी जाऊन पडताळू शकेल तेच नोंदवावे. म्हणून धोक्याची नोंद शक्यतो फलकाच्या किंवा अधिकृत घोषणेच्या आधाराने करावी, असा तेथे संकेत आहे. हा संकेत शहाणपणाचा आहे. 'येथे फार अपघात होतात' हे एकाचे मत झाले. मंत्रालयाच्या व्याख्येनुसार सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजा होणारे पाच अपघात झाले, अथवा दहा मृत्यू झाले, तर ते स्थळ अपघातप्रवण ठरते. ती मोजणी पोलीस ठाण्यातील नोंदींवरून होते, चहाच्या टपरीवरील चर्चेवरून नव्हे. मत आणि मोजणी यांची सरमिसळ झाली की नकाशा अफवांचा बाजार होईल.

परंतु महाराष्ट्रात या संकेताची एक मर्यादा लगेच जाणवते. पाटी असेल तेथेच धोका मानावयाचा, तर ज्या खात्याने पाटी लावली नाही त्याच्या निष्काळजीपणावर नकाशाही शिक्कामोर्तब करील. कोतूळच्या पुलापाशी फलक नव्हता. तेवढ्याने तो पूल सुरक्षित ठरत नाही. यातून वाट आहे. जेथे पाटी आहे तेथे पाटी नोंदवावी. जेथे नाही तेथे काल्पनिक पाटी उभी करू नये, तर प्रत्यक्ष वस्तू नोंदवावी. फरशी पूल, अरुंद मोरी, फाटक नसलेला रेल्वेमार्ग, गतिरोधक, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा रस्ता या साऱ्या डोळ्यांनी पाहता येणाऱ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्या नोंदीसाठी नकाशात स्वतंत्र संज्ञा आहेत. या दोन नोंदी शेजारी ठेवल्या, की एक तिसरी गोष्ट आपोआप दिसू लागते: धोका आहे, पण इशारा नाही अशी स्थळे. नागरिकांच्या हाती येणारे ते सर्वांत प्रभावी कागदपत्र ठरेल.

आणखी एक लाभ आपल्या विशेष परिस्थितीतून निघतो. आंबा, कुंभार्ली, कशेडी किंवा माळशेज यांसारख्या घाटांतून पंजाबचा व तमिळनाडूचा चालकही मालमोटार नेतो. 'पुलावरून पाणी वाहत असताना वाहन नेऊ नये' हे देवनागरीतील वाक्य त्याच्यासाठी निरुपयोगी आहे. संगणकीय नकाशावर हीच सूचना अर्थाच्या रूपाने साठविली जाते आणि ती वाचणाऱ्याच्या भाषेत व्यक्त करता येते. या सामाईक माहितीवर चालणारी, इंटरनेटविना वापरता येणारी आणि पुढे फाटक वा धोका असल्यास सूचना देणारी साधने आजही उपलब्ध आहेत. घाटात संपर्क तुटतो हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना याचे महत्त्व सांगावयास नको.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप असा, की हे काम सरकारचे आहे. नागरिकांनी ते केले तर सरकारला आळस करण्यास आयतेच निमित्त मिळेल. हा आक्षेप गंभीर आहे. पाटी लावण्याची, पूल तपासण्याची, रस्ता सुधारण्याची जबाबदारी निःसंशय शासनाची आहे आणि ती नागरिकांनी अंगावर घेऊ नये. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील जुना दगडी पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्यांसह वाहने वाहून गेली. तेथे पाटी वा नकाशा यांपैकी कशाचाही उपयोग झाला नसता. आवश्यकता होती ती पुलाच्या काटेकोर तपासणीची. परंतु मोजमाप करणे म्हणजे जबाबदारी उचलणे नव्हे. उलट मोजमाप हातात असल्याशिवाय जबाबदारी विचारता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आले. रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल विहित दर्जाची न ठेवल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास संबंधित यंत्रणेस किंवा ठेकेदारास एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. रक्कम तुटपुंजी आहे, हे खरे. पण ती वसूल करावयाची तरी 'अपघाताच्या दिवशी तेथे फलक नव्हता' हे सिद्ध व्हावे लागते. तारखेसह केलेली सार्वजनिक नोंद तेथे साहाय्यभूत होईल.

दुसरा आक्षेप शिळेपणाचा. आज नोंदविलेली पाटी उद्या पडेल, आज बंद असलेला पूल पुढच्या महिन्यात सुरू होईल; मग चुकीची माहिती माहितीच्या अभावाहून अधिक घातक नाही का? आहेच. म्हणून प्रत्येक नोंदीबरोबर ती शेवटची केव्हा पडताळली त्याची तारीख असली पाहिजे, आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर अशी वर्षातून दोनदा फेरतपासणी झाली पाहिजे. ऑस्ट्रॉम यांच्या अभ्यासाचे सारही हेच आहे, की सामाईक साधन टिकते ते देखरेखीच्या नियमित व्यवस्थेवर. आरंभीच्या उत्साहावर नव्हे. हजार नोंदी करून विसरून जाण्यापेक्षा एका तालुक्यातील शंभर नोंदी सांभाळणे श्रेयस्कर.

तिसरा आक्षेप असा, की नागरिकांनी घाम गाळावयाचा आणि कंपन्यांनी ती माहिती फुकट उचलून नफा कमवावयाचा, हा कोणता न्याय? कंपन्या ही माहिती वापरतात हे खरे आहे. मात्र २०१२ पासून लागू असलेल्या परवान्यान्वये त्यांना मूळ स्रोताचा निर्देश करावा लागतो, आणि माहितीसंग्रहात भर घालून तो प्रसृत केला तर ती भरही त्याच अटींवर खुली करावी लागते. सार्वजनिक विहिरीवर सावकारही पाणी भरतो. विहीर त्याच्या नावावर होऊ नये, एवढी काळजी घ्यावी म्हणजे झाले.

चौथा मुद्दा अतिरेकाचा. दर शंभर मीटरवर यंत्र 'सावधान' म्हणू लागले, तर चालक ते ऐकणेच सोडून देईल. 'मनाचे ब्रेक उत्तम ब्रेक' ही घाटातील पाटी आपण सर्व वाचतो, हसतो आणि पुढे जातो. तिने कोणाचा वेग कमी झाल्याचे ऐकिवात नाही. उपदेश आणि इशारा यांत फरक करावयास हवा. ज्या पाटीवरून चालकाने नेमके काय करावे ते समजते, तीच नोंदविण्याजोगी.

काय करता येईल

यासाठी नवे महामंडळ नको, नवी योजना नको. सार्वजनिक बांधकाम विभाग आणि जिल्हा परिषदा फलकांचे ठेके देतात व बिले चुकवितात. प्रत्येक फलकाचे अक्षांश-रेखांश व छायाचित्र बिलासोबत असल्याशिवाय ते मंजूर करू नये, आणि ही यादी मुक्त वापराच्या परवानगीसह प्रसिद्ध करावी. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ ने अशी माहिती आपण होऊन प्रकट करण्याचे कर्तव्य सार्वजनिक यंत्रणांवर घातलेलेच आहे. ज्या फलकाचे पैसे दिले तो खरोखर उभा आहे काय, हे कोणाही ग्रामस्थाला तपासता येईल. यापरते स्वस्त लेखापरीक्षण दुसरे नाही.

दुसरे काम महाविद्यालयांचे. १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे होत आहेत. खड्डे खणणे आणि भिंती रंगविणे यांबरोबरच आपल्या तालुक्यातील फरशी पूल, गतिरोधक व इशाऱ्याचे फलक यांची मोजणी हा विषय तीत सहज बसतो. विद्यार्थ्याजवळ मोबाइल असतोच. त्याला हवी ती शिस्त. रहदारीच्या रस्त्यावर थांबून मोजमापे घेण्याचे साहस त्याने करू नये. गाडीतून काढलेल्या छायाचित्रांवरून, घरी बसून नोंदी करता येतात. सार्वजनिक वस्तू, सामाईक साधने, बाह्य परिणाम हे जे आपण फळ्यावर शिकवितो ते त्याला गावच्या रस्त्यावर दिसेल, हा लाभही लहान नव्हे. तिसरे काम ग्रामसभेचे. 'धोका आहे, पण फलक नाही' अशा स्थळांची यादी ठराव करून संबंधित कार्यकारी अभियंत्याकडे पाठवावी आणि पोच घ्यावी. तक्रारीचे उत्तर न देणे सोपे असते. नकाशावर सर्वांसमोर असलेल्या यादीचे उत्तर न देणे तितके सोपे नसते.

आपल्या समाजात माहितीची वाण नाही. ती माणसांच्या तोंडी असते, गावापुरती असते, आणि जाणत्या माणसाबरोबर जाते. एसटीचा जुना चालक सेवानिवृत्त झाला की त्या मार्गावरील प्रत्येक फसव्या वळणाचे ज्ञानही त्याच्यासोबत घरी जाते. ते ज्ञान सार्वजनिक करणे हा पांडित्याचा प्रश्न नाही. कोणत्या तरी पावसाळी रात्री परगावाहून येणारे एखादे कुटुंब पुलाच्या अलीकडे थांबेल की नाही, एवढाच तो प्रश्न आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक तालुक्यातील पाण्याखाली जाणाऱ्या पुलांची नोंद जरी पुरी झाली, तरी आरंभ योग्य ठिकाणी झाला असे म्हणता येईल.